पिकअप घ्यायची, सांभाळायची, सजवायची : सगळा हिशेब वजनाचा

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की नारायणगावच्या बाजारात दुपारपासून पिकअपची रांग लागते. त्या रांगेत उभे असाल तर पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे वाकून बघा. एक्सलच्या वर, चेसीला एक काळा रबरी गुटका असतो. गाडी भरलेली असताना गुटका आणि एक्सल यांच्यात तीन-चार बोटं सहज जावीत एवढी जागा उरली असेल आणि मागचे पाटे (लोखंडी स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवलेले नसतील, तर त्या गाडीचा मालक हिशेबाने चालणारा आहे. एक्सल गुटक्याला टेकला असेल, तर ती गाडी माळशेज घाट कसा उतरणार याची मला काळजी वाटते, कारण जादा भरलेली आमची गाडी एकदा तो घाट उतरली आहे.

तीन वर्षांपूर्वी माझा चुलतभाऊ ८५ क्रेट भरून वाशीला निघाला होता. मढ सोडून घाट अर्धा उतरला आणि ब्रेकचा पेडल मऊ लागायला लागला. लायनर जळाल्याचा वास केबिनमध्ये आला. त्याने घाबरून गिअर काढला नाही, उलट खालच्या गिअरमध्ये टाकला, म्हणून गाडी कडेला थांबली. तासभर चाकं गार होण्याची वाट बघत तो तिथे बसून होता. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा आमच्या गाडीचा कागद आणि काटा शेजारी ठेवून हिशेब केला. पुढचं सगळं त्या हिशेबातून आलेलं आहे.

आधी आरसी वाचायला शिका

शोरूममध्ये सांगतात, “दीड टनाची गाडी”, “पावणेदोन टनाची गाडी”. आपण लगेच मनात क्रेट मोजायला लागतो. १,७०० भागिले २० किलोचा क्रेट, म्हणजे ८५. आमची चूक तीच होती.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. आमच्या आरसीवर रिकामं वजन १,७८० किलो आणि एकूण ३,४९० किलो आहे. फरक १,७१० किलो. पण घाटातल्या त्या दिवसानंतर रिकामी गाडी काट्यावर नेली, तर काट्याने १,९६५ दाखवले. वरचे १८५ किलो कुठून आले? हौद्यावर लावलेली लोखंडी जाळी, तळाला टाकलेली जाड चेकर्ड प्लेट, ताडपत्री, दोरखंड, जॅक-पान्यांची पेटी आणि भरलेली डिझेलची टाकी. म्हणजे मालासाठी उरले १,५२५. ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस मिळून १४० किलो धरले की १,३८५. वीस किलोच्या टोमॅटोला क्रेटचं स्वतःचं दोनेक किलो वजन जोडा, २२ झाले. भागाकार केला की उत्तर येतं ६२.

८५ आणि ६२. आम्ही प्रत्येक फेरीला जवळपास ४८५ किलो जादा नेत होतो आणि “गाडी ओढते की” म्हणून खूश होतो.

तेव्हा पहिली पायरी शोरूमची नाही, घरातल्या वहीची आहे. वर्षभरात तुमचा सगळ्यात जड माल कोणता, तो किती आणि कोणत्या रस्त्याने जातो, हे लिहून काढा. क्रेटचा हिशेब वर दिलाच आहे. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० ची. आमच्या गाडीत युरियाच्या ३० गोण्या बसतात, एकतीसावी नाही. तुम्हाला रोज ८० क्रेट न्यायचेच असतील तर दोन टनांची गाडी बघा, किंवा दोन फेऱ्यांचं गणित मांडा. आणि हंगामातले चाळीस दिवस सोडले तर एरवी चारा, पाण्याची टाकी, थोडी खतं एवढंच काम असेल, तर लहान गाडी घेऊन हंगामात भाड्याने मोठी लावणं परवडतं. हा सल्ला पुष्कळांना आवडत नाही, कारण दारात मोठी गाडी उभी असणं हा मानाचाही भाग असतो. मी मात्र तो देत राहणार.

कोणती गाडी

आपल्याकडे रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसते ती महिंद्राची बोलेरो पिकअप. बोलेरो मॅक्सच्या मालिकेत १.३ टनांपासून २ टनांपर्यंत प्रकार मिळतात, हौद्याची लांबीही वेगवेगळी. टाटाची योद्धा २.० ही २०२२ मध्ये दोन टनांची क्षमता घेऊन आली. टाटाचीच इंट्रा आणि अशोक लेलँडची दोस्त (ही २०११ पासून रस्त्यावर आहे) शहरातल्या आणि सपाट रस्त्याच्या कामाला बऱ्या पडतात. इसुझूची डी-मॅक्स आंध्रातल्या श्रीसिटीत बनते. तिचा व्ही-क्रॉस प्रकार आणि टोयोटाची हायलक्स या दुहेरी केबिनच्या, पांढऱ्या नंबर प्लेटवर मिळणाऱ्या गाड्या आहेत. बाग, फार्महाऊस आणि कुटुंब असा प्रवास असणाऱ्यांसाठी त्या उत्तम, पण त्यांच्या हौद्यात टोमॅटोचं गणित बसत नाही. पाच माणसं आणि थोडा माल असं दोन्ही हवं असेल तर बोलेरो कॅम्पर हा मधला मार्ग.

ब्रँडवरून गावात पैजा लागतात. मी एवढंच बघायला सांगेन : तुमच्या तालुक्यात त्या गाडीचा मिस्त्री आहे का, आणि क्लच प्लेट, फिल्टर, ब्रेकचे लायनर त्याच दिवशी मिळतात का? हंगामात गाडी दोन दिवस उभी राहिली तर जे नुकसान होतं, त्यापुढे लिटरमागचा एखादा किलोमीटर काहीच नाही.

सीएनजीचा विचार असेल तर पंपावरची रांग स्वतः उभं राहून बघा आणि टाक्यांचं वजन मालातून वजा होतं हे लक्षात ठेवा. बाहेरून किट बसवलं तर ते मान्यताप्राप्त असलं पाहिजे आणि आरसीवर त्याची नोंद झाली पाहिजे, नाहीतर विमा कंपनी हात वर करते.

लायसन्स, परमिट, पासिंग

यात अफवा फार आहेत, म्हणून नेमकं सांगतो. साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितलं होतं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा “बॅज (लायसन्सवर मालवाहतुकीची वेगळी नोंद) नाही म्हणून क्लेम मिळणार नाही” असं कोणी म्हणालं तर घाबरू नका.

परमिटचं असं आहे की एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यावर गेलात की लागतं. दोन प्रकारांत अडकला असाल तर हा फरक निर्णय सोपा करतो. फिटनेस, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो, ते नव्या गाडीला पहिली दोन वर्षं धरलेलंच असतं. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी.

पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. जुनं कोटेशन घेऊन कोणी बोलत असेल तर आधी हे विचारा.

कर्ज घेताना एकच प्रश्न विचारायचा : व्याजदर फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर) की घटत्या शिलकीवर (फेडायच्या उरलेल्या रकमेवर)? ८ लाख रुपये पाच वर्षांसाठी १०.५ टक्क्यांनी घेतले, तर घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे १७,२०० रुपये बसतो. तोच १०.५ टक्के फ्लॅट असेल तर २०,३३३. महिन्याला तीन हजारांचा फरक, पाच वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. कागदावर दोन्हीकडे आकडा तोच छापलेला असतो.

मग भाड्याचं गणित मांडा. जाऊन-येऊन ३०० किलोमीटरची फेरी, भरल्या गाडीला १२ चं ॲव्हरेज, म्हणजे २५ लिटर डिझेल. लिटर ९० धरलं तर २,२५० रुपये. त्यात टोल, जेवण, ड्रायव्हरची हजेरी मिळवा. लोक इथेच थांबतात. आम्ही किलोमीटरमागे तीन रुपये वेगळे काढतो : टायर, ऑइल, ब्रेक, क्लच, पासिंग आणि विमा यांसाठी. ते पैसे वेगळ्या खात्यात जातात आणि घरखर्चासाठी त्यांना हात लावायचा नाही असा आईचा दंडक आहे. चौथ्या वर्षी चारही टायर एकदम बदलायची वेळ आली तेव्हा कोणाकडे मागावं लागलं नाही.

जुनी गाडी घेताना

जुन्या पिकअपमध्ये किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. गाडीखाली सतरंजी टाकून झोपा, हातात बॅटरी घ्या. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे चेसीला बसतात, तिथे वेल्डिंगचे डाग, तडे किंवा तेवढ्याच भागावर मारलेला ताजा काळा रंग दिसला तर ती गाडी ओव्हरलोड चाललेली आहे. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. एकीकडे एक जास्त असेल तर कारण विचारा. हौदा आणि केबिन यांच्यातली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का बघा, नसेल तर चेसी पिळलेली आहे.

इंजिन गार असताना स्वतः चालू करा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर सांगा की उद्या सकाळी येतो. चालू इंजिनची डिपस्टिक काढा. तिथून धुराचा भपकारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेलेल्या आहेत. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबून बघा, आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही म्हणजे क्लच घसरतोय. क्लच सोडताना मागून “खट्” असा आवाज आला तर शाफ्टचे क्रॉस किंवा हाऊसिंग बघायला लागेल.

कागद बघायला सरकारी एमपरिवहन ॲप पुरेसं आहे : पासिंग, विमा, टॅक्स, बोजा कोणाचा आहे, थकलेली ई-चलनं. आम्ही एकदा हे न बघता एक गाडी घेतली होती आणि आधीच्या मालकाची चलनं आम्ही भरली. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ घेऊनच पूर्ण पैसे द्या. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. गाडी ३० दिवसांत नावावर करून घ्या. विकणाऱ्यानेही याचा पाठपुरावा करावा, कारण २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते.

विमा

मालवाहू गाडीच्या विम्यात एक गोष्ट कारपेक्षा वेगळी आहे. हेडलाइट, बंपर, मडगार्ड, बॉनेट, टायर, रंगकाम यांचं नुकसान बऱ्याचदा मूळ पॉलिसीत धरलेलं नसतं. त्यासाठी “आयएमटी २३” नावाचं कलम जोडून घ्यावं लागतं. पॉलिसीच्या कागदावर हे अक्षर शोधा. नसेल तर थोडा हप्ता वाढवून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. केबिनमध्ये बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस याला कायद्याने विम्याचं संरक्षण आहे. हौद्यात बसलेल्या माणसाला नाही. निंदणीच्या बाया, लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला निघालेली पोरं, हे सगळं आपल्या गावांत रोज चालतं आणि मला ते बघवत नाही. कोणी आग्रह केला तरी नाही म्हणा. वाईटपणा घ्या.

भरणं आणि घाट

जड माल केबिनच्या बाजूला, मागच्या एक्सलच्या पुढे. मागच्या फाळक्याकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगायला लागतं. क्रेटचे थर समान ठेवा, शेवटचा थर अर्धा असेल तर तो पुढे. माल हौद्याच्या बाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तर २०,००० रुपये दंड आहे. वजन जादा निघालं तरी २०,०००, वर प्रत्येक जादा टनाला २,००० आणि माल तिथेच उतरवण्याचा खर्च आपला.

घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून डिझेल वाचवणं म्हणजे ब्रेकची मदत काढून घेणं आहे, कारण इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर दोन-चार दाबांनंतर रिकामा होतो आणि स्टिअरिंग जड होतं. ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोरात दाबा, वेग कमी करा, सोडा. पावसात रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त घसरते, मागची चाकं हलकी असल्यामुळे. परतीच्या फेरीला ड्रायव्हर निवांत असतो, तेव्हाच जपायला सांगा.

देखभाल

हवा सकाळी, टायर गार असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे. भरल्या आणि रिकाम्या गाडीचे आकडे वेगळे असतात. रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेले) टायर पुढे कधीही लावू नका. टायर बदलल्यावर ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा. ग्रीसिंग पावसाळ्यात जास्त वेळा. एअर फिल्टर आमच्या लाल मातीच्या रस्त्यांवर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर झटकावा लागतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, घाटात तापून उकळतं आणि पेडल खाली जातो. आमच्या त्या दिवसाचं एक कारण हेही होतं.

बीएस-६ गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. शेतातून घरी, घरून डेअरीला अशा लहान फेऱ्यांत तो तुंबतो. दिवा लागला की गाडी हायवेला काढून वीस-पंचवीस मिनिटं एका वेगाने चालवा. तो काढून टाकून “मोकळं” करून देणारे भेटतील, तिकडे वळू नका. तुमच्या मॉडेलला डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) लागत असेल तर सीलबंद कॅनचंच घ्या, सुटं नाही.

सजावट आणि बदल : कुठे थांबायचं

आता हौसेची गोष्ट. गाडी आल्याच्या आठवड्यात फॅब्रिकेशनवाल्याकडे नेण्याची घाई होते. थांबा. महिनाभर चालवा, काय अडतं ते कळू द्या.

कायदा असा की कंपनीने ठरवलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि केला तर प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हौदा लांबवणं, बंद कंटेनर बसवणं, चेसीला हात लावणं यासाठी आधी आरटीओत जा. पुढे लावायचे लोखंडी क्रॅश गार्ड २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राच्या आदेशाने बंद आहेत.

आमच्या गाडीत झालेला सगळ्यात वाईट बदल लोखंडाचा नव्हता, पाट्याचा होता. एका गॅरेजमध्ये सांगितलं, “दादा, मागे एक पाटा वाढवा, गाडी बसणार नाही.” वाढवला. गाडी खरंच बसेना आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे माळशेजचा प्रकार झाल्यावर ओतूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखालून हात घालून एक छोटा दांडा दाखवला. तो मागच्या एक्सलपासून एका व्हॉल्व्हला जोडलेला होता. मागची गाडी जितकी दबेल तितका मागच्या ब्रेकला जोर द्यायचा, हे त्या व्हॉल्व्हचं काम. “तुम्ही पाटा टाकला, गाडी दबत नाही. याला वाटतं गाडी रिकामीच आहे. मग मागचा ब्रेक देणार कोण?” असं ते म्हणाले. सगळा भार पुढच्या ब्रेकवर आला आणि तो तापला. तो पाटा आम्ही त्याच दिवशी काढला. पाटा वाढवल्याने आरसीवरचा आकडा वाढत नाही, एक्सल, हब, टायर आणि ब्रेक तेच राहतात. फक्त गाडी जादा भरली आहे हे दिसायचं बंद होतं.

फायद्याचे बदल स्वस्त आहेत. चेकर्ड प्लेट काढून आम्ही जाड रबरी मॅट टाकली. वजन बरंच कमी झालं आणि द्राक्षाच्या पेट्या कमी हादरतात. वेल्ड केलेली जाळी कापून नट-बोल्टची, उचलून ठेवता येणारी केली. ती चाऱ्याच्या दिवसांतच लागते. हौद्याच्या कडेला दोरखंडासाठी आठ कड्या, मागचं बघायला कॅमेरा, हौद्यात एक छोटा एलईडी, चांगले मडफ्लॅप, ड्रायव्हरच्या कमरेला आधार देणारी सीट. रेडियमच्या पट्ट्या नियमाप्रमाणे : पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. समोरच्याचे डोळे दिपवणारे जादा दिवे लावू नका.

हे सगळं झाल्यावर गाडी पुन्हा रिकामी काट्यावर नेली. १,८५५ भरली. वहीत १,९६५ खोडून तो आकडा लिहिला, खाली नवा भागाकार केला. ११० किलो परत मिळाले, पाच क्रेट. आता केबिनच्या सनवायझरवर स्केचपेनने लिहिलेलं आहे : टोमॅटो ६७, युरिया ३३. कोणी भरायला आलं की आधी तिकडे बोट दाखवायचं.

एक शेवटचं काम राहिलं, ते पावसाळ्याआधी नक्की करा. हौद्याच्या तळाला कोपऱ्यांत पाणी जायला भोकं असतात. फुटलेल्या टोमॅटोचा रस आणि युरियाचे दाणे त्यात साचून घट्ट होतात आणि पत्रा आतून खातात. मॅट उचला, पाइपाने पाणी मारा, खिळ्याने चारही भोकं मोकळी करा. आंबट वासाचं तपकिरी पाणी खाली पडायला लागेल. ते स्वच्छ येईपर्यंत पाणी मारत राहा, मग फाळका उघडा ठेवून गाडी दिवसभर उन्हात उभी करा.